फ्रेडरिक ओझानाम : पावाच्या चिठ्ठीपासून न्यायापर्यंत

मुंबई-गोव्याकडे एखाद्या चर्चच्या आवारात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी हे नाव आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. गरजू कुटुंबाला धान्य पोहोचविणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, एखाद्या मुलाच्या शिक्षणाची सोय पाहणे असली कामे ही संस्था गाजावाजा न करता करीत असते. आज ती जगातील सुमारे दीडशे देशांत पसरली आहे. नावावरून ती कुणा संताने किंवा धर्मगुरूने काढली असावी असा सहज समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्यांचे नाव तिला दिले ते संत व्हिन्सेंट डी पॉल १५८१ ते १६६० या काळातले. संस्था निघाली १८३३ साली, आणि ती काढली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या सहा विद्यार्थ्यांनी, एका वडीलधाऱ्या गृहस्थाला अध्यक्षस्थानी बसवून. त्या सहांपैकी फ्रेडरिक ओझानाम हा तरुण पहिल्या बैठकीच्या दिवशी बरोबर वीस वर्षांचा झाला होता.

मी इतिहास शिकवतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या धड्यांत राजे, क्रांत्या आणि तह यांची एवढी दाटी असते की त्यात ओझानामला बसायला जागा मिळत नाही. तरीही हा माणूस वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या फार जवळचा आहे असे मला वाटत आले आहे. गरिबाला मदत करावी की तो गरीब का राहिला हे विचारावे, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे. मदत करणारे बहुधा प्रश्न विचारीत नाहीत आणि प्रश्न विचारणारे बहुधा गरिबाच्या खोलीपर्यंत जात नाहीत. ओझानामने आपल्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात ही दोन्ही कामे केली, आणि पहिल्याने दुसरे कसे शिकवले ते त्याच्या चरित्रात पायरीपायरीने दिसते. म्हणून हे चरित्र सांगावेसे वाटले.

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान येथे झाला. शहर तेव्हा नेपोलियनच्या सत्तेखाली होते. वडील पूर्वी नेपोलियनच्या सैन्यात होते, पुढे ते डॉक्टर झाले. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१६ मध्ये हे कुटुंब आपल्या मूळच्या लिऑन शहरी परतले. आईवडिलांना चौदा मुले झाली, पण मोठेपणापर्यंत जगली ती तीनच : एक धर्मगुरू झाला, एक डॉक्टर, आणि मधला हा फ्रेडरिक. वडील गरीब रोग्यांना फी न घेता तपासत. १८३७ मध्ये एका गरीब रोग्याला पाहायला गेले असता जिन्यावरून पडून त्यांचा अंत झाला. गरिबाच्या घराचा जिना चढणे हा या घराण्याचा जणू वारसाच होता.

लिऑन हे रेशमाचे शहर. आपल्या शहापूर-वडगावच्या बोळांतून जाताना ज्यांनी मागांचा आवाज ऐकला आहे त्यांना त्या शहराची कल्पना लवकर येईल. रेशीम व्यापाऱ्याचे, माग विणकराचा, आणि मजुरी विणलेल्या कापडावर. भाव पडला की मजुरी पडे. दिवसाचे पंधरा-पंधरा तास माग चालवूनही घर चालत नसे. १८३१ च्या नोव्हेंबरात विणकरांनी किमान मजुरीचे दर ठरवून मागितले. सरकारी अधिकाऱ्यापुढे दर ठरलेही, पण पुष्कळ व्यापाऱ्यांनी ते पाळायचे नाकारले आणि शहरात बंड उसळले. १८३४ मध्ये दुसरे बंड झाले. ते लष्कराने शेकडो माणसांचा बळी घेऊन मोडले. फ्रेडरिक त्या शहरात लहानाचा मोठा झालेला. मजूर आणि मालक यांच्यातील तेढ त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

शाळेत असताना पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्या मनात धर्माविषयी गंभीर शंका उठल्या. त्या काळात नुआरो नावाच्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने त्याला सांभाळले. या शिक्षकाने त्याच्या शंका दडपल्या नाहीत, त्याला विचार करायला शिकवले. शंका फिटल्यावर जी श्रद्धा उरली ती आयुष्यभर टिकली. अठराव्या वर्षी त्याने सेंट सायमनच्या अनुयायांच्या समाजवादी धर्ममताला उत्तर देणारी एक पुस्तिकाही लिहिली.

१८३१ च्या अखेरीस तो कायदा शिकण्यासाठी पॅरिसला आला. विजेचा प्रवाह ज्यांच्या नावाने आपण मोजतो ते आंद्रे मारी अँपिअर मूळचे लिऑनकडचेच. त्यांनी या होतकरू मुलाला काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले. एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि इतका भाविक माणूस रोज डोळ्यांसमोर असणे हे त्या वयात फार मोठे भाग्य. बाहेरचे पॅरिस मात्र निराळे होते. विद्यापीठात धर्माची टिंगल हा शिष्टाचार झाला होता. १८३२ च्या वसंतात शहरात पटकी आली आणि हजारो माणसे दगावली. मृत्यूचा घाला सर्वांत जास्त पडला तो दाट, ओलसर, गरीब वस्त्यांवर.

इमॅन्युएल बायी नावाचे संपादक-प्रकाशक गृहस्थ तेव्हा विद्यार्थ्यांसाठी एक चर्चामंडळ चालवीत. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे विषय असत आणि कोणत्याही मताच्या तरुणाला तेथे बोलता येई. आपल्याकडच्या वक्तृत्व मंडळासारखाच हा प्रकार. फ्रेडरिक तेथे ख्रिस्ती धर्माने युरोपच्या संस्कृतीवर केलेल्या उपकारांची बाजू मांडी. एकदा समोरच्या बाजूच्या एका तरुणाने त्याला अडवले. पूर्वी तुमच्या धर्माने मोठी कामे केली हे आम्हाला मान्य आहे. पण आज तुम्ही स्वतः काय करता, असा त्या प्रश्नाचा आशय होता.

या प्रश्नाला वादात जिंकण्याजोगे उत्तर नव्हते. वाद घालण्यात तरबेज असलेल्या या तरुणाची थोरवी मला येथे दिसते. त्याने प्रतिवाद शोधला नाही. त्याने प्रश्न खरा मानला. असे सांगतात की त्याच सुमारास एका संध्याकाळी तो आणि त्याचा एक मित्र आपल्याजवळचे हिवाळ्यासाठीचे उरलेले सरपण उचलून एका गरीब माणसाच्या घरी पोहोचवून आले.

२३ एप्रिल १८३३ रोजी बायी यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पहिली बैठक झाली. ओझानाम, लताय्यांदिए, लामाश, लालिए, दव्हो आणि क्लावे हे सहा विद्यार्थी आणि अध्यक्ष म्हणून बायी. ठराव साधा होता : आठवड्याला एकदा जमायचे, प्रत्येकाने काही कुटुंबांकडे जायचे, आणि बैठक संपताना ज्याला जे जमेल ते गुपचूप थैलीत टाकायचे. कुणी किती टाकले ते कुणाला कळू नये असा दंडक होता.

मुलांचा उत्साह दांडगा होता, पण गरिबाच्या दारात उभे राहून बोलायचे काय हे त्यांना माहीत नव्हते. ते शिकवले सिस्टर रोझाली रेंदू यांनी. १७८६ साली डोंगराळ भागात जन्मलेल्या या साध्वीने पॅरिसच्या मुफ्तार वस्तीत, म्हणजे शहरातल्या अतिदरिद्री भागात, पन्नासहून अधिक वर्षे काढली. त्यांनी मुलांना कुटुंबांची यादी दिली, पाव आणि सरपण यांच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वागण्याची रीत दिली. दारातून चिठ्ठी देऊन परतू नये. आत जाऊन बसावे. ऐकून घ्यावे. उपदेशाची घाई करू नये. गरिबाचा मान त्याच्या भुकेइतकाच खरा आहे हे विसरू नये. ओझानामच्या चरित्रात या बाईंचा उल्लेख कित्येकदा ओझरता येतो. पण त्या नसत्या तर सहा हुशार मुलांचे हे मंडळ वर्षभरात विरून गेले असते असे मला वाटते. शेवटी प्रत्यक्ष कामाची शिकवणी त्यांच्याकडेच झाली.

दीड वर्षात सभासद शंभरावर गेले. मंडळाचे भाग करावेत असे ओझानामने सुचवले तेव्हा मित्र हळहळले, वादही झाले. पण भाग झाले म्हणूनच काम पसरले. १८३५ मध्ये नियमावली झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ओझानाम या संस्थेचा सर्वाध्यक्ष कधीच झाला नाही. आपल्याकडे एखाद्या मंडळाची पावतीपुस्तके छापून होण्याआधीच अध्यक्षपदाचा वाद पेटतो. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे.

१८३६ मध्ये तो कायद्याचा डॉक्टर झाला आणि लिऑनला वकिली करू लागला. पण मन साहित्यात होते. १८३९ मध्ये इटालियन महाकवी दान्ते याच्यावरील प्रबंधासाठी त्याला साहित्याचीही डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी लिऑनमध्ये व्यापारी कायद्याच्या अध्यापकपदावर त्याची नेमणूक झाली. आता प्राध्यापक झालेल्या या तरुणाला आदरार्थी बहुवचन लावणे भाग आहे.

व्यापारी कायद्याचा वर्ग म्हणजे हुंड्या, करार आणि भागीदारी यांचा रुक्ष प्रांत. ओझानाम यांनी या वर्गात मजुरीचा प्रश्न आणला. त्यांचे म्हणणे असे की मजुराला केवळ एक अवजार समजून त्याच्याकडून कमीत कमी दामात जास्तीत जास्त काम काढणे म्हणजे त्याचे शोषण होय, आणि माणसाला यंत्राच्या जागी बसवले की गुलामगिरी फार दूर नसते. मजुरी किती असावी? मजुराचे पोट भरले पाहिजे, मुलांचे संगोपन आणि शिक्षण झाले पाहिजे, आणि हातपाय थकल्यावर म्हातारपण निभावले पाहिजे, इतकी. ही व्याख्याने १८३९-४० मधली आहेत, आणि ती दिली गेली विणकरांची दोन बंडे पाहिलेल्या शहरात. मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामा निघायला अजून आठ वर्षे होती. कामगारांच्या हक्कांविषयी पोप तेरावे लिओ यांचे रेरुम नोव्हारुम हे प्रसिद्ध पत्रक तर १८९१ चे.

एका दृष्टांताचा त्यांनी लावलेला अर्थ मला फार मोलाचा वाटतो. वाटमारीत जखमी होऊन पडलेल्या प्रवाशाची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट बायबलमध्ये आहे. ओझानाम म्हणत की जखमेवर तेल ओतणे हे दयेचे काम. पण वाटमारीच होऊ न देणे हे न्यायाचे काम. गरिबांच्या घरी सहा-सात वर्षे सतत जाऊन आलेल्या माणसाचे हे विधान आहे. पावाची चिठ्ठी देताना दर आठवड्याला तेच घर, तीच माणसे, तीच चूल थंड दिसू लागली की विचारी माणसाच्या मनात मजुरीचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही.

१८४० मध्ये विद्यापीठीय अध्यापकपदाच्या कठीण स्पर्धा परीक्षेत ते पहिले आले आणि पॅरिसच्या सोर्बोनमध्ये परकीय साहित्य शिकवू लागले. १८४१ मध्ये अमेली सुलाक्रोआ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४५ मध्ये मुलगी झाली. १८४४ पासून ते पूर्ण प्राध्यापक होते. व्याख्यानांची तयारी, ग्रंथलेखन, विद्यार्थ्यांच्या भेटी, आणि या सगळ्यात गरिबांकडची फेरी कधी चुकली नाही. प्रकृती मात्र मुळातच नाजूक होती.

मग १८४८ उजाडले. फेब्रुवारीत फ्रान्सचा राजा लुई फिलिप पदच्युत झाला आणि प्रजासत्ताक आले. सुखवस्तू समाज घाबरला. ओझानाम यांनी त्याच महिन्यात एका लेखात आपल्या धर्मबांधवांना सांगितले की रोमन साम्राज्य ढासळताना चर्च ज्याप्रमाणे नव्या, रांगड्या लोकसमूहांकडे वळले, त्याप्रमाणे आता राजेरजवाड्यांची बाजू सोडून सामान्य जनतेच्या बाजूला या. यावरून मोठे काहूर उठले. एप्रिलमध्ये लाकोर्देर आणि मारे या धर्मगुरूंबरोबर त्यांनी नवयुग अशा अर्थाच्या नावाचे दैनिक सुरू केले. त्याच महिन्यात मित्रांच्या आग्रहास्तव ते निवडणुकीस उभे राहिले आणि पडले.

जून महिन्यात सरकारने बेकारांसाठी काढलेल्या कार्यशाळा बंद केल्या आणि पॅरिसच्या रस्त्यांवर मजूर आणि सैन्य यांच्यात चार दिवस भीषण लढाई झाली. ओझानाम राष्ट्रीय रक्षक दलात पहाऱ्यावर होते. रक्तपात थांबवायला आर्चबिशप आफ्र यांनी मध्यस्थी करावी असे त्यांच्या आणि दोन मित्रांच्या मनात आले. ते तिघे आर्चबिशपांकडे गेले. आर्चबिशप तयार झाले. २५ जून रोजी ते शांततेचे आवाहन घेऊन मजुरांच्या मोर्च्याजवळ गेले. कुठून तरी गोळी आली आणि दोन दिवसांनी त्यांचे प्राण गेले. आपण सुचवलेल्या कामात एका थोर माणसाचा बळी गेला हे ओझानाम यांना केवढे जड गेले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

बंड मोडले. वर्तमानपत्रांतून मजुरांवर आग पाखडली जाऊ लागली. अशा वेळी ओझानाम त्याच वस्त्यांतून पुन्हा हिंडले आणि जे दिसले ते त्यांनी आपल्या दैनिकात लिहिले : अंधारी तळघरे, ओल्या भिंती, एका खोलीत कोंबलेली कुटुंबे, काम नसलेले हात. दारिद्र्य हे दरिद्री माणसाच्या दुर्गुणांचे फळ आहे, हे सुखवस्तूंचे आवडते मत त्यांनी खोडून काढले. तुमच्या विजयानंतरही ही माणसे तेथेच आहेत, याची त्यांनी सज्जनांना आठवण करून दिली. ज्यांच्यासाठी हे लिहिले त्यांना ते रुचले नाही. धर्मनिष्ठ मंडळींना ते क्रांतिकारकांचे मित्र वाटले, आणि क्रांतिकारकांना चर्चचे माणूस. १८४९ मध्ये दैनिक बंद पडले. १८५१ च्या डिसेंबरात लुई नेपोलियनने सत्ता बळकावली आणि त्यांच्या राजकीय आशाही संपल्या. गरिबांकडची फेरी संपली नाही.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला एक जोड दिसते. त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले मुलींची शाळा सुरू करीत होते. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोघांचे मार्गही वेगळे : एक आपल्या धर्माच्या घरात राहून त्या घराला जाब विचारणारा, दुसरा घराचा पायाच तपासणारा. पण अन्यायाविषयी बोलण्यासाठी वयाची आणि पदाची वाट पाहायची नसते, हे दोघांनीही विशीत दाखवून दिले.

ओझानाम यांच्या कामाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. त्यांची संस्था बराच काळ पुरुषांचीच राहिली. जिने तिला चालायला शिकवले ती मात्र स्त्री होती. संस्थेने राजकारणापासून दूर राहावे हा नियम तिला टिकवून गेला, पण त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती चिठ्ठीवरच थांबली आणि संस्थापकाने विचारलेला मजुरीचा प्रश्न मागे पडला. संघटित कामगारांच्या बळाचाही त्यांना पुरता अंदाज आला नव्हता. मालक आणि मजूर यांच्यामध्ये चांगल्या माणसांनी उभे राहिले तर संघर्ष टळेल, अशी त्यांची आशा होती. जूनच्या त्या चार दिवसांनी ती आशा किती दुबळी आहे ते दाखवले. तरीही मध्ये उभे राहणारा माणूस निरुपयोगी ठरतो असे मला म्हणवत नाही.

१८५२ पासून आजार बळावला. एकदा विद्यार्थी वर्गात वाट पाहत आहेत असे कळल्यावर ते अंथरुणातून उठून सोर्बोनला गेले आणि उभे राहून शिकवले, अशी आठवण सांगतात. १८५३ मध्ये हवापालटासाठी ते इटलीत होते. तेथेही आपल्या संस्थेच्या शाखांसाठी खटपट चालूच होती. परतीच्या वाटेवर मार्सेय बंदरात ८ सप्टेंबर १८५३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. पॅरिसच्या एका चर्चच्या तळघरात त्यांची समाधी आहे. २२ ऑगस्ट १९९७ रोजी, जगभरचे तरुण पॅरिसमध्ये जमले असताना, पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोत्र दाम चर्चमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले.

ओझानाम आपल्या धर्माचे नसले तरी आपल्या उपयोगाचे आहेत. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. किती मीटर चर खणले, किती रोपे लावली, किती बाटल्या रक्त दिले, याचा अहवाल वार्षिक अंकात छापून येतो. हे सारे चांगलेच आहे. पण ज्या गावात आपण सात दिवस राहिलो तेथल्या एखाद्या घरात आपण बसलो का? त्या घरातल्या बाईला दिवसाची मजुरी किती मिळते, ती कोण ठरवतो, ती आजारी पडली तर चूल कशावर पेटते, हे विचारले का? विचारल्यावर जे कळले ते वर्गात, सभेत, लेखात मांडले का? ओझानाम यांनी पहिले काम विद्यार्थी असताना केले आणि दुसरे प्राध्यापक झाल्यावर. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वाट्याचे काम पुढच्या शिबिरात सुरू करता येईल. आम्हा शिकवणाऱ्यांच्या वाट्याचे काम तर उद्याच्या तासालाच आहे.